काहीच वाटत नाही, तेव्हा थेरपीत काय करायचं? आघातानंतर सुन्न झालेल्यांसाठी टप्प्याटप्प्याने

अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, पूर, दरड, जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू. असं काही घडल्यावर रडू येणार, झोप उडणार, माणूस दचकणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कित्येकांना यातलं काहीच होत नाही. आतून सगळं सपाट होऊन जातं. मुलाचा वाढदिवस असो की शेजारचं कुणी गेल्याची बातमी, दोन्ही सारखंच. मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघातात माझी आतेबहीण माझ्या शेजारच्या सीटवर गेली आणि त्यानंतर बरेच महिने मी अशीच होते. दहाव्याला पाहुण्यांच्या जेवणाचं मी बघितलं, विम्याचे फॉर्म मी भरले, पोलिसांना जबाब मी दिला. सगळे म्हणायचे, "किती खंबीर आहे पोरगी."

थेरपीत पहिलाच प्रश्न आला, "कसं वाटतंय?" उत्तर नव्हतंच. बोलायचं भावनांबद्दल आणि भावनाच जाग्यावर नाहीत, या पेचात पडून पुष्कळ जण दोन-तीन सेशननंतर जाणं सोडून देतात. त्यांनी ते सोडू नये म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, या वाटेने गेलेली आहे. आणि सगळ्यात आधी हे सांगायचंय: सुन्नपणा ओसरेपर्यंत थेरपीसाठी थांबायचं नसतं. थेरपीचं पहिलं काम त्या सुन्नपणावरच असतं.

सोबत काय ठेवायचं

- ओळखपत्र. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायला लागतं.
- हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. डोक्याला मार लागला असेल तर सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा रिपोर्ट.
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, डोससकट. रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि मेडिकलमधून आपल्या आपण आणलेल्यासुद्धा.
- एक छोटी वही.
- थेरपीच्या आणि औषधांच्या पावत्यांसाठी एक फाइल. अपघात न्यायाधिकरणात दावा चालू असेल तर वकील त्या मागू शकतात.

एफआयआर, पंचनामा, फोटो हे थेरपिस्टला दाखवायला नेण्याची गरज नाही. त्यांना घटनेचा पुरावा नको असतो.

१. हे काय आहे ते समजून घ्या

संकटात शरीर लढतं किंवा पळतं. दोन्ही शक्य नसेल, म्हणजे गाडीत अडकलोय, कुणीतरी दाबून धरलंय, पाणी चढतंय, तेव्हा मज्जासंस्था तिसरा मार्ग घेते: संवेदनाच मंद करते. वेदना कमी जाणवतात, वेळ संथ होतो, आपण स्वतःकडे बाहेरून बघतोय असं वाटतं. त्या क्षणी याने माणूस तगतो. पुढे धोका टळला तरी शरीराला ते पटलेलं नसतं आणि ते मंदपण तसंच राहतं. त्यात दुःखाबरोबर आनंद, भूक, माया, उत्सुकताही मंदावते, कारण शरीराला निवडून एकच भावना बंद करता येत नाही.

म्हणजे तुम्ही दगड झालेला नाहीत. गेलेल्या माणसावर तुमचं प्रेम कमी होतं असंही नाही. हे मी ठासून सांगते, कारण 'मला रडूसुद्धा येत नाही, मी माणूस तरी आहे का' हा विचार फार छळतो.

आघातोत्तर तणाव विकाराच्या, म्हणजे पीटीएसडीच्या, २०१३ सालच्या अमेरिकन निकषांत आनंद-प्रेमासारख्या भावना न जाणवणं आणि माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं ही लक्षणं म्हणून नोंदलेली आहेत. पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक धरतात. महिना उलटून गेला आणि काम, घर, नाती यांवर परिणाम होत असेल तर दाखवायला जा.

तिथे बहुधा पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी भरायला देतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. सुन्न माणूस 'त्रास किती होतो?' याला सरळ शून्य देत जातो, कारण त्रास जाणवतच नाही. बेरीज कमी भरते आणि सगळं ठीक दिसतं. त्यातले बारा ते चौदा हे प्रश्न (रस उरला नाही का, लोकांपासून तुटल्यासारखं वाटतं का, चांगल्या भावना जाणवत नाहीत का) सावकाश वाचा. तिथे गुण जास्त असतील तर एकूण बेरीज कितीही असो, ते प्रश्न बोटाने दाखवा.

२. शरीराची कारणं तपासून घ्या

थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता, रक्त कमी असणं यांनीही माणूस मंद आणि निरुत्साही होतो. फॅमिली डॉक्टरांकडून या साध्या रक्तचाचण्या करून घ्या. अपघातात डोकं आपटलं असेल तर ते आवर्जून सांगा. मेंदूला मार लागल्यानेही माणूस भावनाशून्य वाटू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

गोळ्यांचंही तसंच. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गटातल्या औषधांचा पुष्कळांना उपयोग होतो, पण काहींच्या भावना त्यांनी बोथट होतात. सुन्नपणा गोळी सुरू झाल्यावर वाढला असं वाटत असेल तर तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्याचे वेगळे त्रास होतात.

झोपेसाठी शेजाऱ्यांनी दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेत राहू नका. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासासाठी या गटातल्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय. त्यांची सवय लागते आणि आधीच मंद असलेलं मन आणखी मंद होतं. दारूचं वेगळं सांगायला नको.

३. कुणाकडे जायचं ते ठरवा

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम (पदविका) झालेले डॉक्टर. औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. समुपदेशक हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लावतं, म्हणून शिक्षण आणि अनुभव विचाराच.

खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला मनोविकार विभाग गाठा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांची बाह्यरुग्ण सेवा आहे. 'मनोरुग्णालय' या पाटीला बिचकू नका. केसपेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं, घरी यायचं. काहीच सुचत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. बलात्कार किंवा ॲसिडहल्ला झालेल्यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा.

फोनवर वेळ घेताना दोन प्रश्न विचारा. आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का? आणि सेशनमध्ये मी सुन्न पडले तर तुम्ही काय करता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'थांबतो, शरीराकडे लक्ष नेतो, वेग कमी करतो' या अंगाने आलं तर माणूस बरोबर आहे. 'पहिल्या दिवशीच सगळं सांगून मोकळे व्हा' असं आलं तर दुसरा नंबर फिरवा.

सेशन मराठीतून होईल का तेही विचारून घ्या. इंग्रजीत फाडफाड बोलणाऱ्यांनीसुद्धा. परक्या भाषेत भयंकर गोष्टही सहज सांगून होते, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. परदेशात राहणारे इथल्या थेरपिस्टशी ऑनलाइन मराठीत बोलू शकतात, मात्र अडीअडचणीला धावून येईल अशी तिथली स्थानिक सोयही आधी शोधून ठेवावी.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं. हे अपवाद पहिल्याच भेटीत समजून घ्या, म्हणजे मनात धाकधूक राहत नाही.

४. पहिल्या सेशनला चिठ्ठी न्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. सुन्न माणूस समोर बसला की नीटनेटकं बोलतो. जबाब पोलिसांना दिलेला असतो, विमा कंपनीला दिलेला असतो, नातेवाइकांना दिलेला असतो. आता घटना पाठ झालेली असते. बातमी वाचावी तशी ती सांगून होते, आणि समोरच्याला वाटतं की हिने हे पचवलंय.

म्हणून घटना सांगण्याआधी चिठ्ठी पुढे करा. अशी काहीतरी:

"मला काही जाणवत नाही. जेवण बेचव लागतं. मुलाला जवळ घेतलं तरी आत काही हलत नाही. मी हे शांतपणे सांगेन, पण शांत आहे म्हणून ठीक आहे असं समजू नका. 'कसं वाटतंय' याचं उत्तर मला येत नाही, दुसरं काहीतरी विचारा. घटनेबद्दल मी आज बोलणार नाही."

शेवटचं वाक्य लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

माझ्या थेरपिस्टबाईंनी मी अपघाताचं सांगत असताना मध्येच थांबवलं आणि विचारलं, "आत्ता तुमचे हात कुठे आहेत?" मी खाली बघितलं. पर्सचा पट्टा मी बोटाभोवती इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. तोंडाने मी सांगत होते की मला काही होत नाही. त्या दिवशी अपघाताबद्दल पुढे एक अक्षर बोललो नाही. पट्टा हळूहळू सोडवणं, बोटात रक्त परत येताना काय होतं ते बघणं, एवढंच केलं. सेशन वाया गेलं असं मला घरी येताना वाटलं होतं. खरं काम तिथूनच सुरू झालं.

५. खोलीत सुन्न पडलात तर

आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, नजर एका जागी खिळते, हातपाय गार पडतात, प्रश्न कळतो पण उत्तर जुळत नाही. ही खूण पटली की बोलत राहण्याचा अट्टहास करू नका. तोंडातून शब्द फुटत नसेल तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा: हात वर करणं, टेबलावर टिचकी मारणं, काहीही.

मग परत यायचं, ते शरीराच्या वाटेने. तळपाय जमिनीवर दाबा. पाठ खुर्चीला टेकवा. गार पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरा. ओव्याचे चार दाणे चावा, किंवा कापराची वडी रुमालात ठेवून हुंगा. तिखट चव आणि उग्र वास मनाला फार पटकन जाग्यावर आणतात. डोळ्यांना दिसणाऱ्या पाच गोष्टी मोठ्याने म्हणा: पंखा, कॅलेंडर, खिडकीचा गज, पायपुसणं, घड्याळ. वार आणि तारीख म्हणा.

डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या असा सल्ला सगळीकडे मिळतो. सुन्न पडणाऱ्यांना तो बऱ्याचदा उलटा लागू पडतो, डोळे मिटले की माणूस आणखी आत बुडतो. 'मी डोळे उघडेच ठेवते' असं थेरपिस्टला सांगितलंत तरी चालतं. दहा दिवसांच्या मौन शिबिराला जा असं कुणी मायेने सुचवेल, पण थेरपिस्टला विचारल्याशिवाय नाव नोंदवू नका.

डॅनियल सीगल या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी मांडलेली 'सहनशक्तीची खिडकी' ही कल्पना थेरपिस्ट तुम्हाला समजावतील. खिडकीच्या वरच्या बाजूला धडधड, भीती, संताप. खालच्या बाजूला सुन्नपणा. काम व्हायचं ते मधल्या जागेत. सुरुवातीला ती जागा अगदी अरुंद असते, म्हणून दोन मिनिटं अवघड विषय आणि दहा मिनिटं पाणी, खुर्ची, पंखा असं चालतं. रेटून फायदा नाही.

६. घरी वही भरा, पण भावनांची नाही

'आज मला काय वाटलं' असं लिहायला बसलात तर पान कोरं राहील. त्याऐवजी शरीराचं लिहा. आपल्या बोलण्यात तशीही भावना शरीरातच सांगितली जाते: पोटात खड्डा, छातीवर दडपण, घशात आवंढा, अंगाची लाही, जीव वर-खाली, हातापायांतलं बळ गेलं. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरवा आणि दिवसातून दोनदा त्यातलं काही लागू आहे का ते बघा. नसेल तर 'काही नाही' लिहा. ती नोंदसुद्धा कामाची आहे.

माझ्या वहीतली एक ओळ: "मंगळवार, सकाळी. चहात आलं जास्त झालं. जीभ चुरचुरली. वीस मिनिटं घशात गरम." थेरपिस्टबाईंनी त्या एका ओळीवर अर्धा तास काढला.

पुढे हुरहूर, रुखरुख, घालमेल, चुटपुट, उद्वेग, हळहळ असे शब्द शेजारी लिहून त्यातला कुठला जवळचा वाटतो ते ताडून बघता येतं. घाई नको.

रोज एक लहानसं काम ठरवून करा, इच्छा नसली तरी. कुंडीला पाणी, गच्चीत फेरी, एखाद्याला फोन. आवड परत आल्यावर करू म्हणून थांबलात तर तो दिवस लांबत जातो. हात आधी हलतात, गोडी मागून येते.

एक गंभीर गोष्ट. काहीतरी जाणवावं म्हणून काही जण स्वतःला चिमटे, चटके, वार करतात, गाडी भरधाव सोडतात, दारू वाढवतात. तुमच्याकडून असं होत असेल तर त्यात लाजेसारखं काही नाही, पण ते लपवू नका, पुढच्या सेशनची वाटही बघू नका. थेरपिस्टला फोन करा. नसतील तर १४४१६, आणि जिवावर बेतलं असेल तर ११२.

७. आठवणींवर काम कधी सुरू करायचं

आधी स्थैर्य, मग आठवणी, मग आयुष्य पुन्हा उभं करणं, असा तीन टप्प्यांचा क्रम अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडला आणि पुष्कळ थेरपिस्ट तो पाळतात. दुसऱ्या टप्प्यासाठी आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही केलेली आहे. ईएमडीआर फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केली. तीत आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे हलवायचे असतात किंवा हातांवर आलटून-पालटून हलक्या थापा दिल्या जातात.

तयारी झाली का हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. सुन्न पडल्यावर स्वतःच्या प्रयत्नाने परत येता येतंय का? 'थांबा' म्हणता येतंय का? राहती जागा सुरक्षित आहे का? मारणारा माणूस अजून त्याच घरात असेल तर सुन्नपणा आजही तुमचं रक्षण करतोय, तो काढून घेण्याआधी सुरक्षिततेची सोय व्हायला हवी. महिलांना त्यासाठी १८१ वर मदत मिळते.

८. भावना परत येऊ लागतील तेव्हा

इथे सगळ्यात जास्त लोक घाबरून माघारी फिरतात. मांडी घालून बसल्यावर बधिर झालेला पाय जागा होताना आधी मुंग्या येतात, कळ येते, मग तो चालायला लागतो. तसंच होतं. पहिल्यांदा आनंद येत नाही. येतो संताप, नाहीतर भीती, तीही भलत्याच निमित्ताने. खालच्या मजल्यावरच्यांनी गाडीचा हॉर्न दाबून धरला म्हणून मी जिन्यात उभं राहून ओरडले होते, आणि संध्याकाळपर्यंत अंग थरथरत होतं. घरच्यांना वाटलं थेरपीने बिघडली. थेरपिस्टबाईंनी मात्र तारीख लिहून घेतली आणि विचारलं, राग अंगात कुठे होता?

या काळात झोप मोडते, स्वप्नं पडतात, कुठेही डोळे भरून येतात. मोठे निर्णय, म्हणजे नोकरी सोडणं, घर विकणं, लग्न ठरवणं किंवा मोडणं, शक्यतो पुढे ढकला. सेशननंतर लगेच ऑफिस गाठू नका, मध्ये थोडा वेळ मोकळा ठेवा. आणि सुन्नपणा अधूनमधून परत येईल. दोन दिवस आला म्हणजे केलेलं पाण्यात गेलं असं नसतं.

९. घरच्यांसाठी

'खंबीर आहे' हे कौतुक बंद करा. ते ऐकलं की सुन्न माणसाला ते सोंग वठवत राहावं लागतं. 'रड म्हणजे मोकळी होशील' हेही नको. रडू येत असतं तर ती रडली असती. गेलेल्याचा फोटो अचानक समोर धरून रडवायचा प्रयत्न तर कधीच करू नका.

मग काय करायचं? सोबत जेवा. विषय काढायचा असेल तर विचारून काढा. पाठीमागून येऊन हात लावू नका, समोरून या, नाव घेऊन हाक मारा. थेरपीला सोडायला गेलात तर परत येताना 'आज काय बोलणं झालं' हा प्रश्न गिळून टाका. माझा भाऊ गाडीत नुसता रेडिओ लावायचा, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

१०. थेरपिस्ट बदलणं आणि भेटी कमी करणं

महिना-दोन महिने झाले आणि सुन्नपणाचा विषयच निघत नसेल, किंवा दरवेळी तुम्हाला घटना पहिल्यापासून सांगायला लावत असतील, तर ते स्पष्ट बोला. तरीही फरक पडला नाही तर बदला. नवीन ठिकाणी पुन्हा सगळं सांगायला नको म्हणून आधीच्यांकडून लेखी सारांश मागा. आपली वैद्यकीय नोंद मिळवण्याचा हक्क २०१७ च्या त्याच कायद्यात आहे.

बरं वाटू लागलं की एकदम थांबू नका. दर आठवड्याचं सेशन पंधरवड्यावर आणा, मग महिन्यावर. पावसाळ्यात दरड कोसळली असेल तर पुढच्या जूनमध्ये, अपघात झाला असेल तर त्या तारखेच्या आणि वर्षश्राद्धाच्या आसपास, एक सेशन आजच वहीत नोंदवून ठेवा आणि त्या आठवड्यात सोबतीला कोण असेल तेही विचारून घ्या.